धुऱ्यावर तिसरी

सुमे, मी निघाले त्या दिवशी नागभीडच्या स्टेशनात छोट्या लाइनची गाडी उशिरा आली, आणि तेवढा वेळ बाबा एकच वाक्य घोळवत राहिले. "जा वो बाई बिनधास्त. सुमी हाये ना माह्याजवळ." तेव्हा त्या वाक्याने मला केवढा धीर आला होता! धाकटी बहीण घरी आहे म्हणून मी आधी हैदराबाद, मग थेट जर्मनी गाठली. आता तेच वाक्य फोनवर ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

लॅबमध्ये मी काय करते, असं तू विचारतेस. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी काचेवर वाढवते आणि पंपाने त्यांच्यावरून द्रव सोडते. प्रवाहाचा रेटा एका लयीत असला, की पेशी आपल्यातलं मोडकंतोडकं स्वतःच पचवून टाकतात. याला आम्ही ऑटोफॅजी म्हणतो. नळी जिथे वळते तिथे प्रवाह घोटाळतो, हे काम मंदावतं आणि घाण साचते, असं दिसतंय. छातीठोकपणे अजून कुणी सांगत नाही. आपल्या नहराच्या वळणावर गाळ बसतो ना, तसंच काहीसं.

आणि बाबांच्या पायातलीच रक्तवाहिनी अरुंद व्हावी! जन्मभराच्या बिड्या, दुसरं काय. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं: कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. बाबा ऐकेनात. मी फोनवर भांडले, रडले, शपथ घातली, तेव्हा कुठे तयार झाले. भांडले मी, आणि फिरायला नेतेस तू. गावभर कौतुकही तुझंच. मला राग येतो, सुमे. खरंच येतो.

गेल्या सुट्टीत आले तेव्हा धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. पाण्याने भरलेल्या बांध्यांमधला उंच धुरा एका माणसाच्या पायवाटेपुरता. पुढे तू, तुझ्या खांद्यावर हात ठेवून बाबा, आणि सगळ्यांत मागे मी. लहानपणी पुढे मी असायचे. बाबांच्या पोटरीत कळ आली की त्यांची बोटं तुझ्या खांद्यात रुतायची आणि तू मागे न बघताच थांबायचीस. शेवटी मला राहवेना. मी धुऱ्यावरून बांधीत उतरले, चिखल तुडवत त्यांच्या बाजूला गेले आणि माझा खांदा पुढे केला.

बाबा हसले. "काऊन उतरली वो चिखलात? पाय भरले ना सारे. चढ वर." मग तुला म्हणाले, "चाल सुमे."

तुम्ही दोघं निघालात. मी घोटाभर पाण्यात उभी राहिले.

इथे कुणी विचारलं की मी माझं घर नागभीडला आहे असं सांगते. पण घर आता तुझ्या डाव्या खांद्यावर आहे, हे मला पक्कं माहीत आहे. परवा फोनवर म्हणालीस, "बाई, खांदा लय दुखून राह्यला." बाम लाव, शेक घे. पण ते दुखणं मला हवं होतं गं.