कडेने सोडलेलं पाणी

माझे धाकटे दीर कायदे करणाऱ्या सभागृहात पाणी देतात. रबरी तळाचे बूट, पांढरा कोट, हातात जग. पाणी ग्लासच्या कडेने असं सोडतात की बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमच्या घरात त्या हाताचं कोण कौतुक! आता त्या हाताकडे बघवत नाही.

त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, मूत्रपिंडं निकामी होऊन अंथरुणाला खिळली आहे. माझं एक तिला जुळतं आणि मी द्यायला तयार आहे. पण देणारी रक्ताच्या नात्यातलीच हवी, असा कायदा. एका ओट्यावर उभी हयात काढली तरी जाऊ परकीच. ती अट काढणारं विधेयक एकदाचं आलं, तेही अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. संध्याकाळपर्यंत मतदान झालं नाही तर ते बारगळणार आणि सगळं पहिल्यापासून. धाकटीकडे तेवढा वेळ नाही.

मी प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. विरोधी बाकावरचा एक जाडजूड सदस्य उठला. नियम असा की माणूस उभा राहून बोलतो आहे तोवर त्याला कुणी बसवू शकत नाही. विधेयकाशी त्याचं काही वाकडं नव्हतं. आणणाऱ्यांना श्रेय मिळू नये, एवढंच. म्हणून तो आजोबांच्या नासपतीच्या बागेवर बोलला, कुत्रीच्या बाळंतपणावर बोलला, चष्म्याच्या काचा कशा पुसाव्यात त्यावरही बोलला. बाकांवरचे फिदीफिदी हसत होते. मला किळस आली.

दुपार उलटली तसा त्याचा घसा बसत चालला. ठसका लागला, वाक्य अडलं. आता बसतो मेला, म्हणून मी कठडा धरून पुढे झुकले. तेवढ्यात खाली भावजी पुढे झाले आणि त्यांनी कडेने पाणी सोडलं. मग ते सोडतच राहिले. संध्याकाळी मतदान न होताच सभागृह उठलं, तेव्हा त्या सदस्याने भावजींच्या पाठीवर थाप मारली.

घरी येताना मी विचारलं, "तेवढं एकदा मागे राहिला असतात तर?"

"ठसका ऐकला की हात जातोच, वहिनी. कळलं तेव्हा ग्लास भरलेला होता."

"आणि नंतर?"

भावजी भराभर पुढे चालू लागले. मला त्यांचीही शिसारी आली, कशाला लपवू.

धाकटी उशीला टेकून बसली होती. या आजारात डॉक्टरांनी तिचं पाणी मोजक्या घोटांवर आणलंय. ओठांची सालपटं निघतात. भावजींनी खालमानेने सगळं सांगितलं, ग्लासासकट. ती चिडेल, रडेल, म्हणून मी तिचा हात धरला. तिने नवऱ्याकडे बघत एवढंच विचारलं, "पाणी गार होतं का हो?"