चपलेचा बिबट्या

हसायला माझी हरकत नाही, पण आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना माझ्या नणंदेला ठसका लागला होता. आणि ठसका गेल्यावर तिनं तो कप परत उचलला नाही, तेही सांगून ठेवते. कारण हा किस्सा अर्धा हसण्याचा आहे आणि उरलेला कशाचा आहे ते तुम्हीच ठरवा.

मी शिरूरला राहते आणि न्हावऱ्याच्या पुढे आत एका वस्तीवर शाळेत शिकवते. पहिली आणि दुसरी, दोन्ही वर्ग माझ्याकडे. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक हापसा, एक भात शिजवायची शेड आणि तिन्ही बाजूंनी ऊस. चौथ्या बाजूला रस्ता आहे, पण त्याच्याही पलीकडे ऊसच.

आणि उसात कोण असतं, हे आमच्याकडे पहिलीच्या पोराला पण विचारावं लागत नाही. बिबट्या! त्या वर्षी तर कहर झाला होता. शेळ्या गेल्या, कुत्री गेली. पलीकडच्या गावात एक पोर गेलं, संध्याकाळी, अंगणातून. त्यावर मी काही विनोद करणार नाही. एवढंच सांगते की त्यानंतर आमची पोरं घोळक्यानं, ताटल्या वाजवत शाळेत यायची. वस्तीवाले पिंजरा मागून मागून थकले होते. प्रत्येक वेळी वनखात्याकडून एकच उत्तर यायचं, तुमच्या हद्दीत तो दिसल्याचा पुरावा द्या.

आता यात माझा संबंध कुठे आला? सांगते ना.

शनिवारी आमच्याकडे दप्तर नसतं. पोरांनी हातानं काहीतरी करायचं, करता करता शिकायचं. सगळ्या शाळांत भेंडीचे ठसे चालले होते. भेंडी कापा, रंगात बुडवा, कागदावर उमटवा, फोटो ग्रुपवर टाका. मला भेंडीचा कंटाळा आला होता. आणि खोटं कशाला बोलू, मला ग्रुपवर जरा भाव खायचा होता. मी ठरवलं, आपण प्राण्यांच्या पावलांचे ठसे करू. चिखलात! पोरांनी माग काढायचा आणि सांगायचं, प्राणी कुठून आला, कुठे पाणी प्यायला, कुठे गेला.

कोणता प्राणी घेऊ या, असं विचारलं, तर सगळा वर्ग एका आवाजात ओरडला. पोरांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मला वाटलं, बरंच आहे, खेळता खेळता भीती मोडेल.

माझी एक जुनी चप्पल घेतली, माझ्या लेकीची एक छोटी घेतली. तळवे कापून, ठोकळ्यावर चिकटवून पंजे केले. चार बोटं, मागे गादी. अगदी झकास जमलं होतं. पण मला ते मांजरासारखं दिसायला लागलं. म्हटलं, नखं नसतील तर बिबट्या कसला? मग रात्री बसून प्रत्येक बोटाला टोकदार नख लावलं. त्या नखांची किंमत मला कळायला पुढचा गुरुवार उजाडला.

शनिवार काय रंगला म्हणून सांगू! हापशापासून शेडपर्यंत, शेडपासून बांधापर्यंत पोरांनी ठसे उमटवले. दुसरीतली अनू तर चिखलात गुडघे टेकून एकेक ठसा बघत होती. पोरगी बोलते कमी आणि बघते जास्त. मी गृहपाठ दिला, घरी जाऊन आपापल्या जनावरांचे पाय बघून या. आणि ठसे तसेच ठेवून, स्कूटरला किक मारून, गाणं गुणगुणत घरी आले.

रविवारी सकाळी वस्तीच्या ग्रुपवर फोटो आला. हापशाजवळचा चिखल. खाली आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, आबा, यांचा आवाज, "शाळंत मादी आन् पिल्लू येऊन गेलं. पिंजरा आल्याबिगर एकबी पोरगं शाळंत जाणार न्हाई."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मादी म्हणजे माझी चप्पल आणि पिल्लू म्हणजे लेकीची! "आबा, ते आमच्या वर्गाचे आहेत" असं लिहिलं, खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. जे लोक पलीकडच्या गावात त्या पोराच्या मातीला जाऊन आले होते, त्यांना मी काय सांगू, की बाईंनी गंमत केली? दुपारपर्यंत फोटो दौंडपर्यंत फिरून परत माझ्याच फोनवर आला, वर कुणीतरी लिहिलेलं, शाळेत पाच बिबटे.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटलं. एवढी पोरं होती ठसे उमटवायला, आणि एकानंही घरी तोंड उघडलं नाही? तेव्हा मला ती देवाची कृपा वाटली. काय म्हणावं माझ्या अकलेला.

सोमवारी गेले तर शाळेपुढे ही गर्दी! टेम्पोत पिंजरा आलेला, त्यात घालायची शेळी बाजूला बांधलेली, पिंजऱ्याची माणसं चिखलाचे फोटो काढतायत. आणि अनूचे वडील, पोपटराव, सगळ्यात मोठ्या आवाजात भांडत होते. म्हणाले, पोरीचा दाखला आत्ताच्या आत्ता द्या, दौंडला तिच्या मामाकडं ठेवतो, पण ह्या शाळंत पाठवत न्हाई. त्यांच्यामागे बाकीचे आईबाप. आमचाबी दाखला द्या. आमचाबी.

अनू गेली तर वर्गात राहिलं काय? आणि सगळेच गेले तर शाळा राहील का? माझ्या दोन चपलांपायी ही पोरं गाव सोडणार होती. मला तिथेच रडू फुटायचं बाकी होतं.

मी पुढे झाले. पाठीमागून कुणीतरी पदर ओढला. अनू होती. हळूच म्हणाली, "बाई, गप बसा ना."

मी तिला म्हटलं, मोठी माणसं बोलतायत, मध्ये बोलू नये. वा रे मी!

मग पिशवीतून दोन्ही ठोकळे काढले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ठसे आम्ही केले, बिबट्या आलेला नाही, कुणी पोरं काढू नका, चूक माझी आहे. खात्री पटावी म्हणून एक ठसा चिखलात उमटवूनही दाखवला. नखांसकट.

दाखल्यांचं भांडण एकदम थांबलं. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्यांना. पोपटरावांनी डोक्याची टोपी काढून हातात धरली. आबा माझ्याकडे बघत राहिले, मग मान फिरवून उसाकडे बघायला लागले. पिंजऱ्याच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, पिंजरा परत टेम्पोत चढवला, शेळी चढवली आणि गेले.

त्या संध्याकाळी मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, खरं बोलायला हिंमत लागते. आमचे हे नुसते हूं म्हणाले.

मंगळवारपासून सगळी पोरं हजर झाली. कुणी दाखला मागितला नाही. पण वस्तीवर माझ्याशी धड कुणी बोलेना. आबांच्या घरून रोज येणारा चहा बंद झाला. मी मनात म्हटलं, घाबरवलं म्हणून रागावलेत, निवळतील चार दिवसांत.

आणि गुरुवारी हापशाजवळ परत ठसे!

मी कपाळावर हात मारून घेतला. माझे ठोकळे तर कपाटात कुलपात होते. म्हणजे पोरांनी घरी स्वतःचे केले! मला राग यायला हवा होता ना? मला कौतुक वाटलं. याला म्हणतात शिकणं! सगळा वर्ग बाहेर काढला. म्हटलं, चला, आज मोजमाप करू. प्रत्येकानं ठशावर आपला पंजा ठेवायचा आणि कुणाचा मोठा ते सांगायचं. पोरं तुटून पडली. मी फोटोवर फोटो काढत होते.

अनू शेवटी राहिली होती. एक ठसा उरला होता तिच्यासाठी, बांधाच्या बाजूचा. ती वाकली, पण हात लावला नाही.

"बाई, ह्याला नखं न्हाईत."

मी म्हटलं, ज्यानं ठोकळा केला तो विसरला असेल.

"न्हाई बाई. आमच्या मांजराला चिखलात चालवलं. नखं उमटत न्हाईत. ती आत घेतंय. कुत्र्याची उमटत्यात. तुमच्या बिबट्याची कुत्र्यावानी उमटली व्हती."

तुम्हाला सांगते, मी हसायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. मी त्या ठशाकडे पाहिलं. त्यात खालून पाणी झिरपत होतं. अजून पुरतं भरलेलंसुद्धा नव्हतं. कडा ओल्या होत्या. आणि ठसा उसाच्या दिशेने होता, ऊस तिथून माझ्या पदराएवढा लांब.

मी ओरडले नाही. कसं सुचलं देव जाणे, पण म्हटलं, चला, आत जाऊन गाणं म्हणू या, कोण आधी जागेवर बसतंय बघू. सगळे आत पळाले. दार लावलं, बाक ओढून दाराला लावला. पोरं "गाणं, गाणं" करत होती आणि मी फोन काढला.

आबांना लावला. सांगितलं, ठसे आहेत. म्हटलं आता हसतील, शिव्या देतील. त्यांनी एकच विचारलं.

"नखं हायती का?"

"नाहीत, आबा."

"दार उघडू नका. आलो."

सगळी वस्ती आली. ट्रॅक्टरचे हॉर्न, फटाके, डबे. मी पोरांना मोठ्यानं गाणं म्हणायला लावलं होतं. उसात शेवटाकडे काहीतरी हललं आणि लांब गेलं, असं बाहेरचे सांगत होते. मी पाहिलं नाही. कुणाला काही झालं नाही. एकेक आईबाप येऊन आपलं पोर छातीशी धरून घेऊन गेले, आणि कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर आबा पायरीवर बसले. मी विचारलं, आबा, तुम्ही नखांचं कसं विचारलंत?

"बाई, आमचा जलम उसात गेला. आमाला कुत्रं आन् बिबट्या कळत न्हाई व्हय? शनिवारीच पोरांनी घरी सांगितलं, बाईंनी चपलंचा बिबट्या केलाय. सगळ्या वस्तीला ठावं व्हतं."

"मग रविवारी तुम्ही…"

"आवो, पिंजरा मिळत व्हता! पुरावा मागत व्हते, तुमी आयता करून दिला. पोरांना सांगितलं, बाईंना बोलू नका. पोपट दाखला मागत व्हता त्यो काय खरा मागत व्हता व्हय? पिंजऱ्याच्या माणसांफुडं मागत व्हता. त्यांनाबी कळलं व्हतं, पर त्यांनाबी वर दाखवाया कायतरी पायजेच व्हतं. समदे गप व्हते, बाई. तुमी एकल्या बोलल्या."

सगळं गाव नाटक करत होतं आणि मी एकटीच प्रेक्षक होते. तीही स्टेजवर चढलेली! आणि माझ्या त्या हिमतीपायी हापशाजवळ जिथे पिंजरा असायला हवा होता, तिथे त्या सकाळी माझा वर्ग होता.

आबा म्हणाले, झालं ते झालं, खऱ्या ठशांचे फोटो पाठवून द्या, आता पिंजरा हक्कानं मागू. मी फोन उघडला. फोटो सुंदर आले होते. प्रत्येक फोटोत हसरं पोर आणि चिखलात त्याचा हात. ठशावर हात, ठशावर हात. बिबट्याचा पंजा एकातही नाही. बाहेर जाऊन बघितलं, तर अनूचा तो एक उरलेला ठसाही ट्रॅक्टरनं बुजवला होता.

आबांनी फोटो बघितले, फोन परत दिला. मग खोकले.

"बाई, ती चप्पल हाय का अजून?"

"आहे."

"नखं तेवढी कापा."

तर मंडळी, दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी हापशाजवळ उकिडवी बसले होते. पोपटराव काठी घेऊन उसाकडे तोंड करून उभे. आबा रस्त्यावर. अनू वडिलांबरोबर आली होती, ती माझ्या शेजारी. मी ठोकळा चिखलावर ठेवला, पण धड उमटेना.

अनू म्हणाली, "बाई, जोरात दाबा. त्यो लय जड असतोय."

मी दाबला. नंतर आबांनी मला बाजूला घेतलं आणि फार आदरानं सांगितलं, की आज पिंजऱ्याची माणसं येतील, तर तुम्ही आपली रजा टाका आणि शिरूरला जा. मी गेले. दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या, भाजी करपवली. संध्याकाळी पोपटरावांच्या फोनवरून अनूचा फोन आला.

"बाई, पिंजरा आला. शेळी लय वरडतीया. आबा म्हणत्यात, आता तुमी आल्या तरी चालंल."