तांबड्या रश्श्याचा मेसेज

म्हातारी माणसं मोबाइलवरच्या खोट्या मेसेजना का फसतात, हे शोधायला मी प्रश्नावली घेऊन शिवाजी पेठेत फिरत होतो. तिथे तालमीच्या कट्ट्यावर एक आजोबा भेटले. त्यांच्या फोनवरची अक्षरं एवढी मोठी होती की पडद्यावर चारच शब्द मावत. पुस्तकाचं पान उलटावं तसं जिभेला बोट लावून ते पडदा सरकवायचे.

‘तांबडा रस्सा प्यायल्याने गुडघेदुखी कायमची जाते’ हा मेसेज पेठभर त्यांनीच पाठवला होता.

“आजोबा, तुम्हाला हे खरं वाटलं?”

“न्हाय. मीच तयार केलाय की,” ते शांतपणे म्हणाले. “खरं पाठवलं की दोस्त नुसतं अंगठ्याचं चित्र धाडत्यात. खोटं पाठवलं की भांडायला फोन करत्यात.”

माझ्या प्रश्नावलीत या उत्तराला रकानाच नव्हता. मी त्यांना खोट्या मेसेजचे तोटे समजावले, माझा नंबर दिला आणि निघालो.

आठवड्याने त्यांचा मेसेज आला: ‘पेठेत वही घेऊन फिरणारा चष्मेवाला म्हाताऱ्यांचे मोबाइल काढून घेतो. सावध राहा.’

दुपारी तो वाचताच मी तापलो आणि तडक फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

“किती उशीर केलासा, पावणं. सकाळपास्नं वाट बघतोय.”