आतोबांची जीप आणि आत्याची परात

जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूवर बसवण्यासाठीच जन्माला आलेली आहे, अशी आमच्या आतोबांची ठाम समजूत होती. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. घोडेगावपासून दोन-अडीच कोसांवर त्यांचं गाव. त्यांच्या घरी रांजणाच्या झाकणावर सायकलचं हँडल बसवलेलं होतं, झाकण उचलायला सोपं जावं म्हणून. कोंबड्यांच्या खुराड्याला सायकलची घंटा होती. ती कोंबड्या दिवसभर वाजवायच्या आणि आत्या दिवसभर 'कोन हाय?' करत दारात यायची. एकदा त्यांनी छत्री नांगरावर बसवली होती. बैल बुजून शेजारच्या शिवारात गेले, तर आतोबा म्हणाले, "छत्रीत काय बी खोट न्हाई, बैलच अडानी हायती."

अशा माणसाच्या हाती जीप पडली, मग काय विचारता! नगरला लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यातून त्यांनी ती आणली. तिला टप नव्हता, दारं नव्हती आणि रिव्हर्स गिअरही नव्हता. "मागं जायचंच कशाला मान्सानं?" हे त्यांचं त्यावरचं उत्तर. पण त्यामुळे बोळात शिरलेली जीप बाहेर काढायला गावाला वळसा पडे. एका लग्नात मांडवाच्या चार पावलं पुढे गेले, तर नवरदेवाला घेऊन वेशीपर्यंत फेरी मारून परत आले आणि मुहूर्त थोडक्यात वाचला. जीपवर त्यांनी कर्णा बसवला, पाण्याचं पिंप बसवलं. उसाचा चरकही बसवायला निघाले होते, पण आत्या चरकावरच बसून राहिली.

तेवढ्यात तो मोठा दुष्काळ पडला. बैलजोडी घोडेगावच्या बाजारात गेली. राहिली एकटी चंद्री गाय, आणि ती गुरांच्या सरकारी चारा-छावणीत. आत्या रोज पायी जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवून यायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावात बातमी आली, पाऊस सुरू झाला की छावणी मोडणार. जनावरं घरी येणार, पण खाणार काय? गायरानाच्या माळावर गवताची काडी नव्हती. जंगल खात्यानं गवताचं बी दिलं, मोजून सहा पोती. ती वाया गेली तर पुन्हा मिळणार नव्हती. गावातले सगळे हात दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले, एवढ्या माळावर हातानं बी फोकायचं कुणी? आणि गवत आलं नाही तर चंद्रीलाही बाजार दाखवावा लागणार, हे आत्याला न सांगता कळत होतं. ती जेवेनाशी झाली.

आतोबा पंचांसमोर उभे राहिले. "आठ दिस द्या. जीपवर पेरनी करतो!"

मी तेव्हा नगरला नवाच मास्तर झालो होतो आणि सुट्टीत त्यांच्याकडे राहिलो होतो. ते आठ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. लोखंडी खाटेच्या पट्ट्या कापून जीपच्या मागं सांगाडा उभा राहिला. त्यावर तेलाचं पिंप, तळाला भोक. त्याखाली गरगर फिरणारी एक चकती, तिच्यावर बी पडायचं आणि चहूकडं उडायचं. चकती फिरवायला गिरणीचा जुना पट्टा थेट इंजिनापासून मागपर्यंत पीळ देऊन आणला होता. गाडी उभी असली तरी इंजिन चालू आहे तोवर चकती फिरायची. आतोबांना तहानभूक नव्हती. "मास्तर, पाना! मास्तर, हातुडा!" मीही शाळा, इभ्रत सगळं विसरून ग्रीसमध्ये माखलो होतो. चाचणीला त्यांनी ओंजळभर बाजरी टाकली. ती अशी काही उडाली की पार देवळाच्या पायरीवर टपटपली आणि गावातल्या समस्त कोंबड्या जीपमागं धावत सुटल्या. आतोबांनी मला चक्क कडेवर उचललं!

दुसऱ्या दिवशी खडीला खाडा करून सगळा गाव माळावर. पोतं पिंपात ओतलं, इंजिन धडधडलं, आणि चकतीवर एक बी पडेना. गवताचं बी ते, हलकं, केसाळ, कुसळांनी एकमेकांत गुंतलेलं. आतोबांनी पिंपाला लाथ घातली. तेव्हा एक मोठा गुंता खाली आला, चकतीवरून उडाला आणि वाऱ्यानं सरळ सरपंचांच्या फेट्यात जाऊन बसला. लोक हसले. आणखी दोन लाथा, आणखी दोन गुंते, अर्धं पोतं वाऱ्यावर. सरपंच हसत नव्हते. "ऱ्हाऊ द्या आता. बी वापस करा," ते म्हणाले. आतोबांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता.

आत्या भाकरी घेऊन आली होती. ती गर्दीतून पुढं आली, सांगाड्याखाली वाकली आणि ओरडली, "आवं, ही माझी परात!"

चकती म्हणजे तिची माहेरची पितळी परात होती. आठ दिवस ती शोधत होती, आणि आतोबा तिच्याबरोबर शोधत होते! आता काही खरं नाही म्हणून मी डोळे मिटले. पण आत्यानं परात एकदा हातानं फिरवून पाहिली, मग पोत्यात हात घातला. "तीळ पेरताना वाळू मिसळता का न्हाई? मंग ह्याला काय सोनं लागलंय?" तिनं बायकांना हाका मारल्या. लेंडीखत चाळलं, ओलसर मातीत बी चोळचोळ चोळलं, तेव्हा त्याचे केस बसले आणि ते जड झालं. मग ती म्हणाली, "त्ये पिंप काढा अन् पाभरीचं चाडं बसवा."

पाभर हे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, आणि चाडं म्हणजे त्यावरचं लाकडी नरसाळं. बाई चालता चालता मुठीतून त्यात बी सोडत जाते. आत्याच्या मुठीला गावात तोड नव्हती, लोक तिला आपल्या रानात मूठ धरायला बोलवायचे. चाडं परातीच्या वर सांगाड्याला बांधलं. आत्यानं पदर खोचला, चाकावर पाय देऊन जीपच्या मागं चढली आणि म्हणाली, "व्हा म्होरं. अन् दमानं हाका, बैल समजून."

आणि पेरणी निघाली! आत्याच्या मुठीतून बी एका लयीत सुटत होतं, परातीवरून दोन्ही अंगांना पंख्यासारखं फाकत होतं. रिव्हर्स नसल्यामुळे आतोबा माळाला गोल गोल वेढे घालत होते. लोक मागून धावत ओरडत होते, मी पट्ट्यावर पाणी मारत धावत होतो, सरपंचही धोतर सावरत धावत होते. तिसऱ्या दिवशी सहावं पोतं रिकामं झालं.

गवत आलं. छावणीतून सुटलेली चंद्री गुडघाभर गवतात उभी राहिली आणि त्या दिवशी आत्या दोन भाकरी जेवली. दसऱ्याला मी गेलो तेव्हा गवत सगळीकडं सारखं होतं, फक्त मधे मधे दाट पुंजके. आतोबांना विचारलं तर पट्टा सरकायचा म्हणून सांगितलं. आत्या मात्र हसली. "पट्टा कशाचा! ह्ये गाडी थांबवून मागं वळायचं अन् इचारायचं, 'हात दुखतोय का गं?' परात फिरतीच हुती, माझी मूठ बी थांबंना, मंग तितंच बी सांडायचं."

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. जीपवर कोंबड्या बसतात. मागच्या खेपेला आतोबा मला माळावर घेऊन गेले. गवत विरळ झालंय, पण ते पुंजके अजून उगवतात. आतोबा काठी टेकत प्रत्येक पुंजक्यापाशी थांबत होते आणि थांबले की मान मागं वळवत होते. मी त्यांच्या मागंच चालत होतो, पण ते माझ्याकडं पाहत नव्हते.