दोन जिन्यांच्या मधले तेलकाका

सकाळी पावणेआठला आमच्या घरात कोणी कोणाचं ऐकून घेत नाही. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, लेकीला कोनमापक सापडत नव्हता, आणि सासूबाईंना वर्तमानपत्राचं जे पान हवं होतं ते घेऊन हे न्हाणीघरात शिरले होते. तेवढ्यात दार वाजलं. दोनदा, बोटाच्या पेरानं, हळू.

दारात तेलकाका.

"आमचं मशीन ठीक आहे हो," मी सवयीनं म्हणाले.

"ठाऊक आहे, वहिनी. आज बिघाड माझ्यात आहे."

"मग दोन थेंब तेल घालून घे," आतून सासूबाई म्हणाल्या. ऐंशी वर्षांच्या कानांना एरवी ऐकू येत नाही, पण टोमणा मारायची जागा बरोबर ऐकू येते.

तेलकाका हसले, पण बसले ते खुर्चीच्या कडेवर. मी गॅस बारीक केला.

या माणसाला मी सोळा वर्षं ओळखते. शिलाई मशीनची दुरुस्ती हा त्यांचा धंदा. आधी एका मोठ्या कारखान्यात फिटर होते, तो बंद पडला तेव्हा सायकलच्या कॅरियरला हत्यारांची पेटी बांधली आणि आमच्या मागच्या गल्लीतल्या अकरा शिलाई कारखान्यांच्या दारांशी जाऊन उभे राहिले. शर्टाच्या खिशात कायम तेलाची लांब नळीची बाटली, म्हणून तेलकाका. त्यांच्या बायकोनं शर्टांचे खिसे धुऊन पांढरे करण्याचा नाद केव्हाच सोडला आहे.

अकरा कारखाने, पण एकाही मालकाचं दुसऱ्याशी पटत नाही. एकाचा माल दुसऱ्यानं पाहू नये म्हणून खिडक्यांना जुन्या कापडाचे पडदे. त्या पडद्यांच्या आत बेधडक जाणारा एकच माणूस म्हणजे तेलकाका. मोडलेल्या सुईचं टोक कपड्यात राहू नये म्हणून एका शिवणाऱ्या बाईनं मशीनशेजारी लोहचुंबक चिकटवला. महिन्याभरात तो गल्लीतल्या सगळ्या मशीनांशेजारी दिसू लागला. कोणी आणला? कोणीच नाही. तेलकाका पट्टा बदलता बदलता नुसतं म्हणाले होते, "एके ठिकाणी असं करतात बुवा." त्यांचा नियम ठरलेला. डिझाइनबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हाताचा त्रास वाचवणारी गोष्ट असेल तर ती पुढे द्यायची, आणि नाव घ्यायचं नाही.

"मग बिघडलं कुठे?" मी विचारलं.

बिघडलं होतं एका पत्र्यात. गल्लीत दोन कारखाने समोरासमोर आहेत, दोन्ही वरच्या मजल्यावर. एक मालकीणबाईंचा, दुसरा मास्तरांचा. मालकीणबाईंकडे गळ्याची पट्टी शिवणाऱ्या एका बाईनं डब्याच्या झाकणातून एक छोटं नरसाळं वळवलं होतं. त्यातून पट्टी ओढली की ती आपोआप दुमडून सुईखाली जाते. चार मिनिटांचं काम दीड मिनिटात. तेलकाकांनी ते पाहिलं आणि मास्तरांकडे हुबेहूब तसंच बनवून बसवलं.

"हुबेहूब, वहिनी. तिथंच माती खाल्ली. त्याचं तोंड डावीकडे वळवलेलं होतं. मला वाटलं, खरी खुबी तीच आहे. विचारायला नको का, की बाई गं, डावीकडेच का?"

"का?"

"ती डावखुरी आहे!"

सासूबाई खो खो हसल्या. मलाही आवरेना. मास्तरांकडच्या सगळ्या बायका उजव्या हाताच्या. त्या बिचाऱ्या तीन महिने मनगट पिरगाळून पट्टी ओढत होत्या आणि तरी खूश होत्या. त्यांच्यातच या डावखुरीची धाकटी बहीण. घरी जेवताना ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे एक पत्रा आलाय, तुझ्यासाठीच केल्यासारखा." ताईनं कौतुकानं ते मालकीणबाईंना सांगितलं आणि त्या ताडकन उठल्या.

तेलकाकांना जिन्यावरच अडवलं. "माझ्या घरातलं समोर नेऊन देता? पुन्हा पायरी चढू नका." त्यानंतर तीन आठवड्यांत आणखी चार कारखान्यांनी, "मशीन खाली आणून देतो, काका, वर नका येऊ," असं गोड बोलून त्यांना पायरीवर बसवलं. मशीन पायरीवरही दुरुस्त होतं. पण चालत्या कामात ते का अडतं, हे पायरीवरून दिसत नाही. आणि एकाकडची युक्ती दुसऱ्याकडे पोचवणं, हे ज्या माणसाचं निम्मं आयुष्य, त्याला सगळ्यांकडे पाठ करून बसायला लावलं तर उरतं काय?

"परवा मालकीणबाईंनीच बोलावलं," ते म्हणाले.

"माफी मागायला?"

"छे हो! ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या विजारी शिवतायत. धुतल्या की शिवण चुणते, पाय आखूड होतो. अख्खी खेप परत आली. म्हणाल्या, मशीन बघा. मी बघितलं. मशीन ठणठणीत. त्या कापडाचा तागा सोडतात आणि लगेच कापतात. कापड ताणलेलंच कापलं जातं, मग पाण्यात गेल्यावर अंग चोरणार नाही तर काय? मास्तर आदल्या दिवशी तागा उलगडून टेबलावर मोकळा ठेवतात. दोन खेपा वाया घालवून शिकलेत ते."

"मग सांगितलंत?"

तेलकाकांनी नाही अशी मान हलवली. "अगदी जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण म्हटलं, बाई, दुखणं कापडात आहे. औषध मला माहीत आहे, पण ते माझं नाही. ज्यांचं आहे त्यांना विचारतो."

या माणसानं सोळा वर्षांत असं वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं असणार. मालकीणबाई म्हणे एवढंच म्हणाल्या, "विचारा." तेलकाका समोरचा जिना चढले आणि पत्रा कुठून आला तेही मास्तरांना सांगून टाकलं. मास्तर चिडतील असं वाटलं होतं. ते उठून मशीनशी गेले, पत्रा फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे डब्याच्या झाकणातून? त्या बाईला आधी भेटायचंय मला. उजव्या हाताचा करून देईल का विचारा. तागा कसा सोडायचा ते मी मालकिणीला स्वतः दाखवतो."

"मग झालं की!" मी म्हणाले.

"कसलं झालं! मालकीणबाई म्हणतात, मी त्यांचा जिना चढणार नाही. मास्तर म्हणतात, मी का जाऊ? चहाच्या टपरीवर बसा म्हटलं, तर उरलेले नऊ जण बघतील म्हणून दोघंही नको म्हणतात. मधे बारा फुटांची गल्ली आहे, वहिनी, आणि मी ती काल सात वेळा ओलांडली."

"तूच निरोप ने की," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, मावशी. मधला माणूस उजवं-डावं चुकवतो. आता ज्याचं त्यानं समोर बसून सांगावं, विचारणाऱ्यानं विचारावं. मी बाजूला बसेन." मग ते माझ्याकडे वळले. "तुमचं घर कोणाच्याच बाजूचं नाही. दोघंही इथं यायला तयार आहेत, आणि ती डावखुरी बाईसुद्धा. शुक्रवारी दुपारी तीन ते चार, तुमची ही बाहेरची खोली द्याल का?"