यावर ओरडणार कोण?

कोणत्याही नव्या कायद्याचा मसुदा समोर आला की आमचे साहेब चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, “यावर ओरडणार कोण?” कायदा कुणासाठी, हे त्यांनी कधी विचारलं नाही. असा एखादा साहेब तुम्हीही पाहिला असेल.

मला मात्र एका कायद्याची गरज घरातच कळलेली होती. माझे वडील रावेरकडे ट्रकमध्ये केळीचे घड भरायला जायचे. एकदा घडासकट खाली पडले, कंबर कायमची गेली. व्यापारी म्हणाला, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणाला, शेतकऱ्याला. शेतकरी म्हणाला, मी तर उभी बाग विकली. मग आई घड वाहू लागली. तिचे हात केळीच्या चिकाने काळे पडले. त्या हातांवर मी बोदवडहून भुसावळच्या कॉलेजात गेले. आमच्या घरातली पहिली पदवीधर. परीक्षा देऊन मंत्रालयात लागले, ती नेमकी या साहेबांच्या हाताखाली.

साहेब धुळ्याचे. फाइलवर शुद्ध मराठी, चहावर अहिराणी. अधिवेशनाआधी खात्याने आपली विधेयकं क्रमाने कळवायची असतात. साहेबांची रीत सोपी होती: ज्यावर कुणी ओरडणार नाही, ते पहिलं. त्या वर्षी पहिला मान एका मंडळाचं नाव बदलण्याला मिळाला. केळी भरणाऱ्या मजुराची जबाबदारी कुणाची, हे ठरवणारं विधेयक तळाला.

“साहेब, माणसं पडताहेत.”

“बठ्ठं व्हई जाई, ताई. घाई काय शे? व्यापारी ओरडतील.”

“आणि मजूर?”

“त्यासना आवाज मुंबईलोंग येस का?” असं म्हणून त्यांनी माझ्याच बशीतलं भजं उचललं.

फारच मागे लागलं, तर ते मसुदा दुसऱ्या खात्याकडे अभिप्रायाला पाठवायचे. अभिप्राय येईपर्यंत अधिवेशन संपायचं. याला ते नियोजन म्हणत.

पुढे साहेबांनी निवृत्तीची सोय म्हणून रावेरला घर आणि केळीची बाग घेतली. पहिल्याच कापणीला तिथे एक मजूर ट्रकवरून पडला. गावाने त्याची खाट उचलली आणि साहेबांच्या ओट्यासमोर आणून ठेवली.

सोमवारी साहेब आले ते पडलेल्या चेहऱ्याने. “ताई, व्यापारी मन्हावर ढकली ऱ्हायना! उद्या अजून कुणी पडलं तर? ते विधेयक कुठे शे?”

“तळाला, साहेब. तुम्हीच ठेवलंत.”

ते वर आलं. वर्षानुवर्षं न मिळालेल्या अभिप्रायांसाठी साहेब स्वतः जिने चढले, टेबलाटेबलापुढे जाऊन बसले. माझ्या टिपण्यांना जे जमलं नाही, ते एका खाटेने केलं. एवढं मात्र मान्य करते: त्या मजुराच्या दवाखान्यात ते दर रविवारी डबा घेऊन जायचे. मला कधी बोलले नाहीत, आईच्या कानावर आलं.

निरोप समारंभात एकाने त्यांना ‘कष्टकऱ्यांचा कैवारी’ म्हटलं. साहेबांनी मान खाली घालून हार घालून घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर ते मंत्रालयात दिसले नाहीत.

कायदा झाला. मागच्या अपघातांना तो लागू नाही, म्हणून माझ्या वडिलांना काही मिळालं नाही. पण आता घड भरताना मजूर पडला, तर उपचार आणि भरपाई व्यापाऱ्याला द्यावी लागते.