साखरेच्या बाहुलीचं नाक

नणंदेच्या लेकीच्या बाहुलीचं नाक मी खोदून काढलं, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा. आजही होळीच्या आधी साखरेच्या पाकाचा वास सुटला, की तेव्हाची मी, ती पंधरा वर्षांची अतिशहाणी सून, हातात लाकूड कोरायची पटाशी घेऊन माझ्यासमोर बसते. तिच्यावरचा माझा राग काही अजून निवलेला नाही.

इंग्रजांच्या अमदानीतली गोष्ट. नागपूरला माझे सासरे होळीच्या गाठ्यांचे लाकडी साचे कोरायचे. कामठीला दिलेल्या नणंदेने भर पंगतीत मला नकटी म्हटलं होतं. तिच्या लेकीच्या पहिल्या होळीसाठी सासऱ्यांनी बाहुलीचा साचा कोरला, तेव्हाच मी ठरवलं, हिच्या सासरी बाहुलीही नकटीच जाईल. दुपारी सगळे निजल्यावर साच्यातलं ते नाक मी दातओठ खात खोदून काढलं. सागवानाची एकेक ढलपी उडाली, की जीव कसा थंड व्हायचा!

दुसऱ्या दिवशी बाहुली न्यायला आलेल्या नणंदेसमोरच सासऱ्यांनी पाक ओतला, साचा उघडला. बाहुलीला पोपटासारखं लांब, तरतरीत नाक!

सासरे मला हसून म्हणाले, "अशी काहून पाहून राहिली, पोरी? साच्यात कोरणं म्हणजे उलटं काम. जेवढं लाकूड काढशील, तेवढी साखर वर येते."

नणंदेला सगळं समजलं. बाहुलीच्या नाकावरून तिने हळूच बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "मस्त नाक कोरलं वं वहिनी! आता एक तुह्यासाठीबी कोरून घे."